‘भीमायन’चा चित्रपट : तहान पडद्यावर कशी आणावी?

शाळेच्या स्मरणिकेत चित्रपटाविषयीचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु गेली काही वर्षे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत एक मागणी सातत्याने पुढे येत आहे : ‘भीमायन’ या चित्रकादंबरीवर चित्रपट झाला पाहिजे. आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेली काही मुले आज पुण्या-मुंबईत संकलन, ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन अशा क्षेत्रांत स्थिरावली आहेत. त्यांच्या मनात तर ही कल्पना घर करून बसली आहे. मागणी रास्त आहे आणि तिला आमचा पाठिंबा आहे. मात्र चांगल्या पुस्तकाचा चांगला चित्रपट आपोआप होत नसतो. या पुस्तकाच्या बाबतीत तर अडचणी अधिक आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा तंत्राच्या नसून विचाराच्या आहेत. त्यांची चर्चा समाजात व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

प्रथम पुस्तकाविषयी. ‘भीमायन’ हे इंग्रजी पुस्तक दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ साली प्रसिद्ध केले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने काढली. कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. प्रास्ताविक जॉन बर्जर या जगप्रसिद्ध कलासमीक्षकाने लिहिले. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. परधान हे गोंडांचे परंपरेने गायक आणि वंशकथा सांगणारे लोक. आपल्या नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातही गोंड, कोलाम, आंध यांच्याबरोबर परधानांची वस्ती आहे. म्हणजे ही चित्रकला आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

पुस्तकाचा मुख्य आधार म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथनपर लेखन. ते त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. अवघी काही पाने. पण अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ती अभ्यासली जातात. ‘भीमायन’ने त्यातून पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग केले. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, जात कळताच त्यांना गाडी मिळत नाही, रात्रभर पाणी मिळत नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला तरुण बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढला जातो. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या सुमारे तीस कार्यकर्त्यांचा दौलताबाद किल्ल्यापाशी अपमान होतो. या साखळीत महाडचा १९२७ चा सत्याग्रहही येतो.

कथानक एवढेच. ते दोन तासांत मांडणे कोणत्याही कसलेल्या दिग्दर्शकाला अवघड नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण अशी की ‘भीमायन’ची थोरवी कथानकात नाही. घटना मूळ लेखनात आहेतच, आणि बाबासाहेबांनी त्या ज्या संयमाने लिहिल्या त्याला तोड नाही. ‘भीमायन’ने त्यांत भर घातली ती चित्रांनी. तहानेने व्याकूळ झालेल्या बाल भीमाचे धड त्यात माशाचे होते. आगगाडी सापासारखी वळते. किल्ला हिंस्र श्वापदासारखा उभा राहतो. महाडला बाबासाहेब बोलतात तेव्हा ध्वनिक्षेपकांचे कर्णे पाण्याचे फवारे होऊन जनसमुदायावर बरसतात. साध्या, सालस बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर जातीचे विष ओकणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यावर एक डोळा. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा पान पाहून सांगेल की कोण कोणाला डंख मारतो आहे. चित्रपटकार घटना उचलील. पण हा मासा, हा पक्षी, हा विंचू सोडून देईल, तर त्याने ‘भीमायन’वर नव्हे, आणखी एका चरित्रावर चित्रपट काढला असे होईल.

या ठिकाणी आपल्या भागातील एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. तहान म्हणजे काय हे मराठवाड्याला शिकवावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घराघरांत आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. त्या काळात लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू होती. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांनी त्या वर्षी घरी घागरी भरण्यासाठी रांगा लावल्या. अशा प्रेक्षकांसमोर कोरड्या घशाचा, सुकलेल्या ओठांचा एक मुलगा पडद्यावर आणला तर ते कळवळतील. पण ते दुष्काळाच्या तहानेसाठी कळवळतील.

बाल भीमाची तहान ती नव्हती. मसूरच्या वाटेवर पाणी होते, दौलताबादच्या दाराशी हौद काठोकाठ भरलेला होता, महाडचे चवदार तळे तुडुंब होते. पाणी नसणे ही एक तहान आणि पाणी असून ते नाकारले जाणे ही दुसरी. पहिलीला निसर्ग आणि नियोजन जबाबदार. दुसरीला शेजारचा माणूस. पहिली पाऊस पडल्यावर भागते, दुसरी पडत्या पावसातही भागत नाही. डॉ. बाबा आढाव यांना १९७२ नंतर ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्रभर फिरावे लागले ते याच दुसऱ्या तहानेपायी. कॅमेऱ्याला मात्र हा भेद दिसत नाही. कॅमेरा ओठ दाखवतो, घसा दाखवतो, आणि दोन्ही तहाना सारख्याच दिसतात. व्यामांच्या कुंचल्याला तो भेद दाखवता आला. मासा तहानेने तडफडत नाही. त्याला पाण्यातून बाहेर काढले म्हणून तडफडतो. पाणी हे त्याचे घर आहे, त्यावर त्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे. एका चित्रात महाडचा अवघा युक्तिवाद आला. चित्रपटकाराची पहिली आणि खरी परीक्षा येथे आहे.

दुसरी अडचण चौकटीची. सामान्यतः चित्रकथेचे पान चौकोनांत विभागलेले असते. आपल्या पिढीने वाचलेली ‘अमर चित्रकथा’ तशीच होती. व्याम दांपत्याने चौकोन नाकारले. माणसांना खोक्यांत कोंबले की त्यांचा श्वास कोंडतो, आमची कला खुली आहे, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या घराच्या भिंती-जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ नावाच्या वळणदार नक्षीनेच ते पान विभागतात. ज्या समाजाला गावाबाहेर, रेषेपलीकडे बसवले गेले, त्याच्या नायकाची कथा कुंपण नसलेल्या पानावर सांगणे, यातला अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु पडदा हा जन्मतःच चौकोन. आता त्या पानाचे काय करायचे?

याचे उत्तर आपल्याच मराठवाड्यात, आपल्याच धम्माच्या वारशात आहे, असे आम्हांस वाटते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाची कथा भिंतभर रंगवली आहे. तेथे प्रसंगांमध्ये रेघ नाही. तोच राजपुत्र एका ठिकाणी महालात दिसतो, थोडे पुढे गेले की निरोप घेताना दिसतो, आणखी पुढे वनवासात. मध्ये एखादा खांब, एखादे झाड, एखादी वळलेली मान. तेवढ्यावरून पाहणाऱ्याला कळते की प्रसंग बदलला. चित्र स्थिर आहे आणि पाहणारा चालतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना ठाऊक होते की कथा पुढे नेण्याचे काम पाहणाऱ्याच्या पावलांवर सोपवता येते. ‘भीमायन’चा चित्रपट करणाऱ्याने कॅमेऱ्याला हेच शिकवावे : एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी न मारता, एकाच विशाल चित्रावरून चालत जावे, एकाच दृश्यात मसूरचा मुलगा आणि महाडचा नेता एकमेकांच्या नजरेत यावेत. कोकणातील पिंगुळीचे चित्रकथी हेच करीत आले आहेत. कागदावरचे चित्र हलत नाही. गाणाऱ्याचा आवाज त्याला हलवतो. चित्राचा ‘सिनेमा’ करण्याची कला आपल्याकडे सिनेमाच्या आधीपासून आहे.

तिसरी अडचण नायकाची. डॉ. जब्बार पटेल यांच्या २००० साली प्रदर्शित झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाचे ऋण आपण सारेच मानतो. मामुट्टी यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आजही जयंतीला गावोगावी तो चित्रपट दाखवला जातो. पण तो महापुरुषाच्या जीवनकार्याचा चित्रपट आहे. परिषदा, वादविवाद, घटना समिती, धम्मदीक्षा असा त्याचा विशाल पट आहे. ‘भीमायन’मध्ये महापुरुष नाही असे नाही, परंतु त्याचे बळ लहान गोष्टींत आहे : डब्यात जेवण आहे पण पाणी नाही म्हणून उपाशी राहिलेली मुले, दुप्पट भाडे घेऊनही विटाळाच्या भीतीने गाडीत न बसता बाजूने चालणारा गाडीवान, बडोद्याच्या बागेत, हाती पदवी असून मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलेला एक बेघर तरुण. मोठ्या पडद्याला लहान गोष्टी सोसत नाहीत. तो त्यांना फुगवतो, त्यांखाली शेकडो वाद्यांचे संगीत घालतो, आणि मुलाच्या चेहऱ्यावर आधीच महामानवाचे तेज आणून ठेवतो.

याचा तोटा कोणाला? आपल्या मुलांना. इयत्ता सातवीतील विद्यार्थ्याला पुतळ्याचे बोट दिसते. त्या बोटामागचा दहा वर्षांचा मुलगा दिसत नाही. तो मुलगा दिसला तर त्याला वाटेल की हा माझ्याएवढाच होता, घाबरला होता, रात्रभर जागा होता, आणि तरीही पुढे शिकला. नायक जन्मतःच देवासारखा दाखवला की विद्यार्थ्याला हात जोडण्यावाचून काही करायचे उरत नाही. पुस्तकाचे नावही या बाबतीत थोडे फसवे आहे. ते ‘रामायणा’च्या धर्तीवरचे आहे, आणि दूरदर्शनवरील पौराणिक मालिकांचा संस्कार इतका खोल आहे की निर्माता नकळत त्याच वाटेने जाऊ शकतो. ‘अयन’ या शब्दाचा अर्थ मार्ग, प्रवास. चित्रपटकाराने तो अर्थ धरावा आणि महाकाव्याचा मोह सोडावा.

चौथी अडचण वेळेची. पुस्तक वाचणाऱ्याच्या हाती असते. विंचवाच्या नांगीचा शब्द आला की वाचक थांबतो, पान मागे उलटतो, शेजारच्याला दाखवतो. आमच्या वाचनतासांत आम्ही पाहतो की मुले माशाच्या पानावर हमखास रेंगाळतात आणि आपापसांत वाद घालतात. चित्रपट थांबत नाही. तो आपल्या वेगाने पुढे जातो. त्यातच अपमानाचा प्रसंग पडद्यावर आला की प्रेक्षक रडतो, आणि रडून मोकळा होतो. अपमान हे पाहण्याचे दृश्य झाले की त्यावर विचार करण्याचे काम संपते. बाबासाहेबांनी ते प्रसंग कोणाची दया मिळवण्यासाठी लिहिले नव्हते. ज्यांना अस्पृश्यता माहीत नाही, त्यांना ती नेमकी कशी चालते हे समजावे म्हणून, जवळजवळ साक्षीदाराच्या जबानीसारखे लिहिले. चित्रपटात हा साक्षीचा सूर राहिला पाहिजे. त्यासाठी दिग्दर्शकाजवळ शांततेचे धैर्य हवे. बडोद्याच्या बागेतल्या त्या दीर्घ प्रतीक्षेला दोन मिनिटे निःशब्द ठेवण्याची हिंमत ज्याच्यात आहे, त्यानेच हा चित्रपट हाती घ्यावा.

पाचवी अडचण आजच्या काळाची, आणि आपल्या भागासाठी ती सर्वांत नाजूक आहे. दौलताबादच्या हौदाचा प्रसंग निजामाच्या राज्यात, रमजानच्या महिन्यात घडला, आणि तेथे आरडाओरडा करणारे मुसलमान होते. बडोद्याला काठ्या घेऊन आलेले पारशी होते. मसूरला स्थानकप्रमुख आणि गाडीवान हिंदू होते. बाबासाहेबांचा मुद्दा स्पष्ट आहे : हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवले, त्याला इतरांनीही अस्पृश्यच मानले, जात धर्माच्या सीमा ओलांडून जाते. तिन्ही प्रसंग एकत्र वाचले तरच हा मुद्दा उभा राहतो. चित्रपटाचे मात्र तुकडे होतात. अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत भ्रमणध्वनीवर फिरू लागली की मागचे-पुढचे कोणी पाहत नाही. दौलताबादचा तेवढाच तुकडा कापून नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत शेजाऱ्याविरुद्ध शेजारी उभा करायला वापरला गेला, तर बाबासाहेबांच्या लेखणीचा तो घोर अपमान ठरेल. म्हणून हे तीन प्रसंग एकमेकांत असे विणले पाहिजेत की एक काढला तर दुसरा बोलणारच नाही. येथेही चित्रांची भाषा मदतीला येते. विंचवाची नांगी तिन्ही ठिकाणी एकच आहे. तिला धर्म नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला परिनिरीक्षण मंडळाची कात्री आहे. २०२५ साली महात्मा फुल्यांवरील ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला प्रदर्शित व्हायचा होता. आक्षेप आले, जातिवाचक व ऐतिहासिक शब्दांवर मंडळाने बदल सुचवले, आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. जातीचा उच्चार न करता जातीचा इतिहास सांगा, असा हा आग्रह आहे. ‘भीमायन’मध्ये तर स्थानकप्रमुखाच्या एका प्रश्नावर आणि मुलाच्या एका शब्दाच्या उत्तरावर सारी कथा उभी आहे. ते उत्तर कापले तर मुले पाण्यावाचून का राहिली हे प्रेक्षकाला कधीच कळणार नाही.

जगात इतरांनी हे प्रश्न कसे सोडवले हे पाहणे उपयुक्त ठरेल. मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्रकादंबरीला हॉलिवूडमधून मागण्या आल्या होत्या. तिने त्या स्वीकारल्या नाहीत. व्हिन्सेंट पारोनो याच्यासह तिने स्वतःच दिग्दर्शन केले आणि २००७ साली तो चित्रपट हाताने काढलेल्या, बहुतांशी काळ्या-पांढऱ्या चित्रांतूनच आणला. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. तिचे म्हणणे असे होते की खरे नट घेतले तर पाश्चात्त्य प्रेक्षकाला ती दूरच्या, परक्या लोकांची गोष्ट वाटेल. रेघांनी काढलेला चेहरा मात्र कोणाचाही असू शकतो. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून सहाव्या वर्षी वाचलेल्या केजी नाकाझावा यांच्या ‘बेअरफूट जेन’वर आधी नटांना घेऊन चित्रपट निघाले, नंतर १९८३ साली रेखाटनांतून निघाला, आणि जगभर अधिक पोहोचला तो हा दुसरा. ज्यूंच्या संहाराची कथा उंदीर-मांजरांच्या रूपात सांगणाऱ्या ‘माउस’ला १९९२ साली विशेष पुलित्झर मिळाले, पण आर्ट स्पीगलमन यांनी चित्रपटाला संमती दिलेली नाही. ‘वॉचमेन’ या गाजलेल्या चित्रकथेचा २००९ चा चित्रपट कित्येक ठिकाणी चौकटीमागून चौकट हुबेहूब उतरवतो. तरीही मूळ लेखक ॲलन मूर यांनी आपले नाव त्यावर येऊ दिले नाही. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की चित्राची नक्कल केली म्हणजे चित्राशी इमान राखले असे होत नाही, आणि निर्णय मूळ कलाकाराच्या हाती राहिला तर पुस्तकाचा आत्मा टिकण्याची शक्यता वाढते.

येथून सहावी अडचण निघते; ती श्रमाची आणि श्रेयाची आहे. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. दीड तासाच्या चित्रपटाला हिशेबाने १,२९,६०० चित्रे लागतात. एक चित्र दोनदा वापरले तरी ६४,८०० उरतात. व्हॅन गॉखवरील ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ हा २०१७ चा चित्रपट साधारण तितक्याच, म्हणजे सुमारे ६५,००० चित्रांचा आहे. त्यासाठी शंभराहून अधिक चित्रकार तैलरंगात राबले. गोंड चित्राची अडचण आणखी वेगळी. त्यातील प्रत्येक आकृती बारीक ठिपक्यांनी, रेघोट्यांनी भरलेली असते, आणि प्रत्येक कलाकाराची भरण्याची पद्धत ही त्याची सही असते. सलग चित्रांत ते ठिपके हाताने पुन्हा पुन्हा काढले तर अंग थरथरल्यासारखे दिसते; यंत्राने एकसारखे केले तर सहीच पुसली जाते. आजकाल संगणक क्षणात कोणत्याही शैलीची नक्कल करून देतो. ते स्वस्त पडेल. परंतु आदिवासी कलावंताची शैली उचलायची आणि त्याला बाजूला ठेवायचे, हा व्यवहार आंबेडकरी विचारात बसत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर व्याम दांपत्याचे नाव मानाने आहे. चित्रपटात ते शेवटी सरकणाऱ्या बारीक अक्षरांत जाऊ नये. मानधनात, हक्कांत आणि निर्णयात त्यांचा आणि त्यांच्या समाजातील तरुण चित्रकारांचा वाटा लेखी करारानेच ठरला पाहिजे.

इतक्या अडचणी आहेत, तर पुस्तकावरच समाधान का मानू नये? असा सल्ला देणारे मित्र आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपट आला की पुस्तक कपाटात जाते, हे आपण अनेकदा पाहिले आहे. तरीही आम्ही चित्रपटाच्या बाजूने आहोत, आणि त्याचे कारण आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. बाबासाहेबांचा विचार आपल्या खेड्यांत प्रथम पुस्तकांनी नेला नाही. तो आंबेडकरी जलशांनी, शाहिरांनी, वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी नेला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी तो ऐकून, पाहून पाठ केला, आणि मग आपल्या मुलांना शाळेत घातले. पाहण्या-ऐकण्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘भीमायन’ मुळात इंग्रजीत आहे. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, चाकूर, उदगीरच्या खेड्यांतील किती माता-पित्यांच्या हातात ते पडले असेल? त्यांच्यापर्यंत तो मासा न्यायचा असेल तर पडदाच हवा, आणि त्याची भाषा मराठी हवी. तीही केवळ पुस्तकी नव्हे, त्या मुलांच्या आणि गाडीवानाच्या तोंडी शोभणारी. पार्श्वसंगीताऐवजी परधानांचे वाद्य आणि आपल्या जलशाची डफ-ढोलकी यांची भेट त्या चित्रपटात झाली, तर तो दोन वंचित परंपरांचा संगम ठरेल.

मग व्हावे काय? आमच्या मते हा चित्रपट नटांचा नसावा, चित्रांचा असावा. तीन तासांचा भव्यपट नसावा. पाऊण तासाचा असला तरी चालेल, म्हणजे शाळेच्या दोन तासिकांत तो दाखवून त्यावर चर्चाही करता येईल. आणि त्याचा आरंभ कोट्यवधींच्या भांडवलाची वाट न पाहता व्हावा. आमची सूचना साधी आहे. येत्या भीमजयंतीला, प्रकाशकांची रीतसर परवानगी घेऊन, ‘पाणी’ या एकाच भागातील पाने वसतिगृहाच्या सभागृहात पडद्यावर दाखवावीत. चित्रकथी करतात तसे आपल्या विद्यार्थ्यांनी पडद्याशेजारी उभे राहून ती मराठीत सांगावीत. जेथे मुले रेंगाळतात तेथे पडदाही रेंगाळावा. चित्रपटसृष्टीत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी यावे, प्रेक्षकांत बसावे, आणि पालक कोणत्या चित्रापाशी गप्प होतात, कोणत्या ठिकाणी कुजबुजतात, याची टिपणे घ्यावीत. ती टिपणे म्हणजे पटकथेचा पहिला खर्डा होईल. किनवट भागातील आदिवासी आश्रमशाळांच्या मुलांना त्या दिवशी पाहुणे म्हणून बोलवावे. ती चित्रे त्यांच्याही घरची आहेत.

पडदा, प्रक्षेपक आणि सभागृह आपल्याकडे आहे. निवेदनाचा सराव मराठीच्या तासाला करून घेण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने स्वीकारतो. ज्या माजी विद्यार्थ्यांना या कामात हात द्यायचा आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कार्यालयात आपली नावे नोंदवावीत, ही विनंती.

जयभीम. नमो बुद्धाय.